सुई तीच, कळ वेगळी

माझ्या आत्याच्या अंगावर दोन गोंदणं होती. एक हनुवटीवर, हिरवट पडलेला ठिपका. दुसरं डाव्या हातावर, कोपराच्या खाली तुळशीवृंदावन. कन्नड तालुक्यातल्या आमच्या गावी गोंदणारीण आली, तेव्हा आत्या सात वर्षांची होती. दोन बायकांनी तिला धरून ठेवलं आणि ठिपका काढून घेतला. "जीव गेला असता माझा," असं ती साठ वर्षांनंतरही सांगायची. हातावरचं वृंदावन मात्र लग्नानंतरचं. नाथषष्ठीला पैठणला गेली असताना, थोरल्या जावेला सोबत घेऊन, हौसेनं काढलेलं. ते दुखलं का, असं विचारलं तर म्हणायची, "दुखलं असंल, पण ध्यानात न्हाई."

आता हिशेब करून पाहा. ठिपक्याला सुईचे फार तर दहावीस टोचे लागले असतील, वृंदावनाला शेकडो. म्हणजे जिथे जखम लहान तिथे वेदना मोठी, आणि जिथे जखम मोठी तिथे ती आठवतसुद्धा नाही. वयाचा फरक होता, आठवणीही दगा देतात, हे मान्य. तरीही गेल्या वर्षी माझ्या भाचीनं कॅनॉटमधल्या एका दुकानात टॅटू काढून घ्यायचं ठरवलं आणि "मावशी, किती दुखेल गं?" असं विचारलं, तेव्हा मला आत्याचे ते दोन हिशेब आठवले. "किती" या प्रश्नाचं उत्तर सुईच्या लांबीवर अवलंबून असतं, असं आपण समजतो. ते अर्धंच खरं आहे.

आधी ते अर्धं पाहू. आपली बाह्यत्वचा कागदासारखी पातळ असते आणि तिच्या पेशी सतत झडून नव्या येतात. रंग तिथेच ठेवला तर महिना-दीड महिन्यात तो पेशींबरोबर गळून जाईल. म्हणून सुईला खाली अंतस्त्वचेपर्यंत, म्हणजे साधारण १ ते २ मिलिमीटर आत, जावं लागतं. पूर्वी काजळ किंवा कोळशाची पूड आणि एकत्र बांधलेल्या सुया असत. न्यूयॉर्कमध्ये १८९१ साली विजेवर चालणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं गेलं आणि तेव्हापासून तेच काम यंत्र मिनिटाला शेकडो-हजारो टोच्यांनी करू लागलं. यंत्र बदललं तरी खोली बदललेली नाही. आणि या वाटेवर सगळीकडे चेतातंतूंची उघडी टोकं पसरलेली असतात. मुळीच न दुखणारं गोंदण नसतं, ते याच कारणानं.

वेदनेची वार्ता नेणारे तंतू दोन प्रकारचे असतात. थोडे जाड तंतू सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर वेगानं संदेश नेतात, तर अगदी बारीक तंतू सेकंदाला ०.५ ते २ मीटर इतक्या सावकाश. वर्गात याचं गणित घालता येईल. पायाच्या बोटाला ठेच लागली आणि मेरुरज्जूपर्यंतचं अंतर १ मीटर धरलं, तर २० मीटर वेगाचा संदेश सेकंदाच्या विसाव्या भागात पोचतो. १ मीटर वेगाच्या संदेशाला पूर्ण सेकंद लागतो. म्हणून आधी चटका बसतो आणि मग, "आता येणार" असं कळत असताना, ती ठणकणारी कळ येते. मुलांनी हे अनुभवलेलं असतंच, फक्त त्याचं कारण त्यांना ठाऊक नसतं.

ठेच लागल्यावर आपण दुसरी गोष्ट करतो, ती म्हणजे बोट चोळतो. हे का करतो? रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलं, की मेरुरज्जूत जणू एक फाटक असतं. स्पर्शाची वार्ता नेणारे जाड, वेगवान तंतू उद्दीपित झाले की हे फाटक थोडं मिटतं आणि वेदनेच्या संदेशांपैकी काहीच पुढे जातात. त्यांच्या आराखड्यातले बारकावे पुढे बदलले, पण मूळ कल्पना टिकली. गोंदणारीण एका हातानं कातडी ताणून धरी, मधूनमधून अंगठ्यानं चोळी. तिला मेरुरज्जू माहीत नव्हता, अनुभव माहीत होता.

फाटकावर वरूनही, म्हणजे मेंदूकडून, हुकूम येतात, आणि माझ्या मते खरी गंमत तिथे आहे. ॲबर्डीनच्या जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना १९७५ साली डुकराच्या मेंदूत अफूसारखं काम करणारी दोन द्रव्यं सापडली. म्हणजे शरीर स्वतःचं वेदनाशामक स्वतः बनवतं. १९७८ साली अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर केलेल्या प्रयोगात असं दिसलं, की औषध म्हणून नुसतं खोटं इंजेक्शन दिलं तरी काहींना आराम पडतो, पण अफूचा परिणाम उतरवणारं नॅलोक्झोन दिलं की तो आरामही जातो. "मनाचे खेळ" म्हणून ज्याची आपण बोळवण करतो, त्यामागे असं रसायन असतं.

वेदनाशास्त्रातलं एक गाजलेलं उदाहरण तर मराठी माणसानं नोंदवलेलं आहे. पाठीत लोखंडी गळ टोचून माणसाला उंच टांगण्याची प्रथा आपल्याकडे होती. आज बावधनच्या यात्रेत बगाड्याला कापडानं बांधून वर चढवतात. मूळ गळाच्या प्रथेविषयी दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी लिहिलं. त्यांच्या निधनानंतर, १९६७ साली, 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये तो लेख आला. मेलझॅक आणि वॉल यांनी तो आपल्या पुस्तकात वापरला, कारण टांगलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर वेदनेऐवजी भारावलेपण दिसत होतं. त्याला जखम झाली नव्हती असं नाही. त्या जखमेचा अर्थ त्याच्यासाठी निराळा होता. गावानं त्याची निवड केली होती, त्याला तो मान वाटत होता, आणि पुढे काय होणार हे त्याला ठाऊक होतं. आत्याला हनुवटीच्या वेळी यांतलं काहीच नव्हतं.

सोबतीचाही परिणाम मोजला गेला आहे. २००६ साली जेम्स कोअन यांनी १६ विवाहित स्त्रियांना विजेचा सौम्य झटका बसेल असं सांगून त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. नवऱ्यानं हात धरला असताना धोक्याला प्रतिसाद देणाऱ्या भागांची धावपळ कमी झाली. परक्यानं हात धरला तरी थोडी कमी झालीच. पैठणला जाऊबाई होती, ती अशी कामाला आली असावी. आणि २०१५ सालच्या एका प्रयोगात थंडगार पाण्यात हात बुडवून "आऊ" म्हणणारे लोक, गप्प बसलेल्यांपेक्षा जास्त वेळ टिकले. आपलं "आई गं" त्याच कामाचं असणार, असं मला वाटतं.

हे सगळं मी शिक्षकांसाठी का लिहिते आहे? दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस दिली जाते, तेव्हा शाळेत मुलांची रांग लागते. त्या रांगेत आपण काय बोलतो? "मुलगा असून रडतोस?" किंवा "अजिबात दुखणार नाही." पहिल्या वाक्यानं मूल ओरडण्याचा सोपा आधार गमावतं आणि वर लाजही घेऊन जातं. दुसरं वाक्य खोटं असतं, आणि पुढच्या वेळी ते मूल आपल्यावर विश्वास ठेवत नाही. "थोडं टोचेल, मग ठणकेल, तुला बघायचं नसेल तर इकडे बघ, हात धरू का?" एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो!

दुसरा समज जास्त घातक आहे: तान्ह्या बाळाला कळत नाही, म्हणून कान लवकर टोचून घ्यावेत. मोठमोठे डॉक्टरही असं मानत. भारतात वैद्यकीय शिक्षण घेतलेले कंवलजीत सिंग आनंद आणि त्यांचे ऑक्सफर्डमधले सहकारी यांनी १९८७ साली दाखवून दिलं, की अपुऱ्या दिवसांच्या बाळांना शस्त्रक्रियेत नीट वेदनाशामक दिलं, तर शरीरावरचा ताण कमी होतो आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते. बाळाला कळतं, फक्त सांगता येत नाही. सुई टोचताना बाळाला अंगावर पाजत राहिलं तर त्याचं रडणं कमी होतं, हे आता लसीकरणातही सांगितलं जातं. कान टोचताना तेवढं तरी करावं.

थोरांनाही दोन शब्द. दुखू नये म्हणून ॲस्पिरिन किंवा दारू घेऊन टॅटूला जाऊ नये, रक्त जास्त वाहतं. बधिर करणारी मलमं भरपूर चोपडून वर प्लॅस्टिक गुंडाळलं, तर त्यांतलं लिडोकेन रक्तात उतरून झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२४ साली ४ टक्क्यांहून तीव्र अशा मलमांबद्दल इशारा दिला होता. आणि यात्रेत एकाच सुईनं सगळ्यांना गोंदणं तर कावीळ 'ब', 'क' आणि एचआयव्हीला आवतण. तिथे वेदना हा सर्वांत लहान प्रश्न असतो.

भाचीनं दुकानात सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला लावलं. "थांब म्हटलं की थांबणार ना?" हेही आधीच विचारून घेतलं. दोनदा थांबवलं. मी शेजारी बसले होते. तिनं आत्याच्या फोटोवरून तेच वृंदावन काढून घेतलं, मनगटापासून वर. किती दुखलं, असं विचारल्यावर म्हणाली, "हाडाजवळ जास्त, वर कमी. शेवटी शेवटी कंटाळाच आला."