‘ट्रिकी कॅड’ : कापलेल्या चित्रपट्टीतील वक्त्याचा प्रश्न

वृत्तपत्रातील शब्द कापावेत, पिशवीत घालून हलवावेत आणि हाती येतील त्या क्रमाने उतरवून घ्यावेत, अशी काव्यरचनेची कृती दादावादी कवी त्रिस्तान झारा याने १९२० मध्ये सांगितली. कोलाज-कवितेची चर्चा बहुधा येथे सुरू होते आणि ‘यदृच्छा’ या संज्ञेपाशी थांबते. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो या कृतीहून वेगळ्या अशा एका रचनेचा.

सॅन फ्रान्सिस्को येथील चित्रकार जेस (१९२३-२००४) याने १९५४ ते १९५९ या काळात चेस्टर गूल्ड याची ‘डिक ट्रेसी’ ही पोलिसी चातुर्यकथांची चित्रपट्टी कापून नवी पाने रचली. मालिकेचे नाव ‘ट्रिकी कॅड’, म्हणजे साधारणतः ‘लबाड हलकट’. मूळ नायकाच्या नावातील नऊ रोमन अक्षरांचाच क्रम बदलून ते सिद्ध झाले आहे. बरोज व गायसिन यांचे कापाकापीचे प्रयोग १९५९ मधले. जेस त्याआधी पाच वर्षे हे करीत होता.

चित्रपट्टीत अर्थ केवळ शब्दांत नसतो. चौकट काळ मोजते, फुगा उक्ती धारण करतो आणि फुग्याचे शेपूट वक्ता निश्चित करते. झाराच्या पिशवीत पडलेला शब्द वक्त्यापासून सुटतो. जेसच्या पानावर मात्र चौकटी, फुगे, नायकाचा तो धारदार चेहरा हे सारे ओळखू येते. मोडलेले असते ते फुग्यातले वाक्य. म्हणून पान दुरून नित्याच्या रविवारच्या पुरवणीसारखे दिसते आणि वाचू लागताच अडते. भावकवितेत उक्ती हाती असते, वक्ता शोधावा लागतो. येथे वक्ता समोर उभा आहे, पण त्याची उक्ती त्याच्या स्वाधीन राहिलेली नाही. जेस या कृतींना ‘पेस्ट-अप’ म्हणे, कविता नव्हे. तरीही काव्यविचारात त्यांना स्थान द्यावेसे वाटते ते यामुळेच.

हे कूटकाव्य मात्र नव्हे. कूटाला उत्तर असते, चातुर्यकथेलाही असते. येथे सुटणारे कूट एकच, शीर्षकाचे. (उरलेली अक्षरे जुळवीत बसण्यात विद्यार्थ्यांनी वेळ दवडू नये.)

आता यदृच्छेविषयी. प्लुटोनियमनिर्मितीत रसायनज्ञ म्हणून काम केलेला जेस १९४९ मध्ये ते सोडून चित्रकलेकडे वळला आणि १९५१ पासून कवी रॉबर्ट डंकन याचा आयुष्याचा जोडीदार म्हणून राहिला. कॅलिफोर्नियात १९७५ मध्ये कायदा बदलेपर्यंत असे संबंध गुन्हा होते. संशय घेणारी, आरोप ठेवणारी, निकाल देणारी पोलिसाची भाषा ज्या घरात कापली जात होती, ते घरच कायद्याच्या दृष्टीने एक ‘केस’ होते. आणि ‘ट्रिकी कॅड’च्या प्रत्येक भागाला जेसने ‘केस’ असेच म्हटले आहे. चरित्रावरून कृतीचा अर्थ ठरवू नये हे मान्य. पण कात्री नेमकी याच पट्टीवर का चालली, या प्रश्नाला यदृच्छा हे उत्तर पुरत नाही.