रेडिएटरला काळा रंग कशासाठी?
पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे अ‍ॅम्बॅसडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले. हौशी मंडळी या जुन्या गाड्यांचे बॉनेट उघडून इंजिन घासूनपुसून लख्ख करतात. काहीजण रेडिएटरवर काळ्या रंगाचे थरावर थर चढवतात. काळा पृष्ठभाग उष्णता चांगली बाहेर टाकतो, हे तुम्ही शिकला आहातच. मग बिघडले कुठे? नावाने फसू नका! रेडिएटरमधील पाण्याची बहुतेक उष्णता प्रारणाने जात नाही. पातळ पत्र्यांमधून वाहणारी हवा ती नेते. जाड रंग उष्णतेचा दुर्वाहक, शिवाय त्याने फटी बुजतात. मग घाट चढताना पाणी उकळू लागते. गंज टाळण्यापुरता पातळ हात पुरे. त्याआधी फटींतील चिखल, किडे मऊ ब्रशने काढावेत. तेही इंजिन निवल्यावर. तापलेल्या बिडावर गार पाणी ओतले, तर ते असमान आकुंचन पावून तडकू शकते.