बर्न्स रोडवरची दिल्ली

कराचीच्या बर्न्स रोडवर खवय्यांची गर्दी लोटते ती निहारीसाठी. ‘नहार’ म्हणजे दिवस, सकाळ. त्यावरून हे नाव. मोठ्याच्या मटणाचा पोटरीचा भाग आणि नळीची हाडे रात्रभर मंद आचेवर शिजवायची, पाण्यात कालवलेली कणीक लावून रस्सा दाट करायचा. वरून आल्याचे काप, हिरवी मिरची, लिंबू. सोबत गरम नान.

ही चीज मूळची कराचीची नव्हेच. १९४७ साली जुनी दिल्ली सोडून आलेल्या कुटुंबांनी ती आणली. घर आणता आले नाही, गल्ली आणता आली नाही. हाताची चव तेवढी आली. कालची थोडी निहारी राखून आजच्या देगेत मिसळायची, ही जुन्या निहारीवाल्यांची रीत. कालची शिल्लक आजच्या पानावर ओढणे, आम्हा बँकवाल्यांना काय सांगावे!

निहारी न परवडणाऱ्याला गाडीवरचा बन-कबाब आहेच. डाळ आणि खिम्याची टिक्की फेटलेल्या अंड्यात बुडवून तव्यावर परतायची, गोल पावात चटणी-कांद्यासह घालायची. आपल्या वडापावचा लांबचा भाऊच. फार लांबचाही नव्हे. १९३६ पर्यंत कराची मुंबई इलाख्यातच होती.

बर्न्स रोडच्या पाट्यांवर ‘देहली’ अजून दिसते. गिऱ्हाईकही ‘अस्सल दिल्लीची’ चव मागते. देगेपाशी बसलेला नातू खुशाल हमी देतो. त्याने दिल्ली पाहिलेली नसते.