दिवा मंद का होत नाही?

केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना 5 जानेवारी 2015 रोजी सुरू झाली आणि एलईडी दिवा चैनीच्या वस्तूंतून गरजेच्या वस्तूंत आला. पूर्वी 60 वॉटचा बल्ब जे काम करी ते आता 9 वॉटमध्ये होते, हा लाभ निर्विवाद आहे. उमरखेड तालुक्यातील ढाणकीसारख्या गावांतूनही आता पुढची पायरी येऊ घातली आहे. मोबाइलवरून चालणारे आणि दिवा हवा तेवढा मंद करणारे स्विच ती पायरी होत. ग्राहकाची फसगत होते ती येथेच. स्विच बसवावा, तर दिवा लुकलुकतो, गुणगुणतो किंवा मंद न होता एकदम विझतो. दोष दुकानदारावर येतो, वायरमनवर येतो. वस्तुतः तो बहुधा दोघांचाही नसतो.

कारण समजण्यास कठीण नाही. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तने घेते आणि साधा डिमर प्रत्येक अर्ध्या आवर्तनाचा काही भाग कापून टाकतो. तापलेली तार इतक्या अल्पावधीत निवत नाही. म्हणून जुना बल्ब निमूटपणे मंद होत असे. एलईडी दिव्याच्या बुडाशी मात्र ‘ड्रायव्हर’ असतो. व्होल्टेज कमीजास्त झाले तरी प्रकाश स्थिर ठेवणे, हेच त्याचे काम. शेतीपंप सुरू होऊन व्होल्टेज उतरले तरी मुलांच्या अभ्यासाचा दिवा उजळ राहतो, तो त्याच्यामुळे. म्हणजे ज्या गुणामुळे हा दिवा खेड्यात उपयोगी पडला, तोच गुण डिमरच्या आड येतो. डिमर प्रकाश कमी करू पाहतो आणि ड्रायव्हर तो टिकवू पाहतो. शिवाय जुने डिमर मोठ्या भारासाठी बनलेले असतात; 9 वॉटचा भार त्यांना पुरत नाही. न्यूट्रलशिवाय चालणारा स्विच तर स्वतःपुरती वीज दिव्यातूनच ओढतो. त्यामुळे बंद केलेला दिवाही कधीकधी मिणमिणतो.

आता खर्चाचा हिशेब पाहू. 9 वॉटचा दिवा रोज 4 तास निम्म्या शक्तीवर चालवला, तर वर्षाला सुमारे 6.5 युनिटे वाचतील. पण मोबाइलवरचा स्विच 24 तास जागा असतो. त्यासाठी तो 1 वॉट घेतो असे धरले, तर वर्षाला सुमारे 8.75 युनिटे खर्ची पडतात. तेव्हा केवळ बचतीसाठी ही खरेदी करू नये. तान्हे मूल, आजारी माणूस, रात्री उठणारे वृद्ध यांच्यासाठी मात्र मंद प्रकाश खरोखरच हवा असतो.

त्याचे मार्ग तीन आहेत. डिमर हवाच असेल, तर ‘डिमेबल’ असे छापलेला दिवा आणि एलईडीसाठीच बनवलेला डिमर घ्यावा. त्याची किमान पातळी लुकलुक थांबेल इतकी वर ठेवावी. दुसरा मार्ग ‘स्मार्ट बल्ब’चा. मंद होण्याची सोय त्याच्या पोटातच असते. तो साध्या बटणावर चालवावा, डिमरवर नव्हे. तिसरा आणि सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे वेगळ्या बटणावर अर्ध्या वॉटचा झिरोचा एलईडी दिवा.

दिवा आणि डिमर या अर्थशास्त्राच्या भाषेत पूरक वस्तू. एकीची उपयुक्तता दुसरीवर अवलंबून. परंतु दोहोंचे उत्पादक बहुधा वेगळे असतात आणि जोडी न जमल्याचा भुर्दंड ग्राहकावर पडतो. ढाणकीच्या माणसाने नांदेडहून आणलेला दिवा बदलून घ्यायचा, तर जाण्यायेण्याचे बसभाडेच दिव्याच्या किमतीला गाठते. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारे दर वॉटला किती प्रकाश मिळतो ते सांगतात. दिवा मंद होईल की नाही, ते सांगत नाहीत. काही खोक्यांवर तशी सूचना असते, पण बारीक इंग्रजी अक्षरांत.

डिमर ही श्रीमंतांची हौस, तिच्यासाठी नियम कशाला, असा आक्षेप येईल. एलईडी दिव्याबद्दलही काही वर्षांपूर्वी असेच म्हटले जात होते. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूचा दर्जा जाणून घेण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. ‘डिमरवर चालेल’ किंवा ‘डिमरवर चालणार नाही’ एवढी एक ओळ ठळक मराठीत छापणे उत्पादकांना जड जाऊ नये. ती सक्तीची करावी, आणि तोवर दुकानात पैसे मोजण्यापूर्वी हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा.