घड्याळांची एकवाक्यता

वाचकहो, सूर्याकडे पाहून घड्याळ लाविलें, तर आपली रत्नागिरी भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारें ३७ मिनिटें मागें पडेल. गांवोगांवच्या अशा निराळ्या वेळांचा घोटाळा टळावा म्हणून १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ सुरू झाली.

तोच प्रश्न आज राउटरांपुढें आहे. राउटर म्हणजे संगणकांच्या जाळ्यांत संदेशांना वाट दाखविणारें यंत्र. एखाद्या पेढीच्या रत्नागिरी, चिपळूण व राजापूर येथील राउटरांचीं घड्याळें जुळत नसलीं, तर चोरटा प्रथम कोठें शिरला हें नोंदींवरून कळणार नाहीं. कदाचित् निरपराध्यावरच आळ येईल.

म्हणून मुख्य कचेरीचा राउटर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेस वेळ विचारितो. तेथें आण्विक घड्याळें आहेत. शाखांचे राउटर मुख्य राउटरास विचारितात.

परंतु उत्तर येईपर्यंत वेळ जातो, त्याचें काय? समजा, एक मुलगा घरच्या घड्याळांत १० वाजतां निघाला. शाळेच्या घड्याळांत त्यास १० वाजून १५ मिनिटें दिसलीं. तो तसाच परतला, तेव्हां घरीं १० वाजून १० मिनिटें झालीं होतीं. जाण्यायेण्यास १० मिनिटें लागलीं. त्यांचें अर्ध ५. म्हणजे शाळेंत सव्वादहा, तेव्हां घरीं १० वाजून ५ मिनिटें. घरचें घड्याळ १० मिनिटें मागें! राउटर हेंच गणित सेकंदाच्या सूक्ष्म भागांत करितो.

मात्र एकाच घड्याळावर विसंबूं नये. दोघांत मतभेद झाला, तर खोटें कोण हें ठरत नाहीं; अधिक साक्षी असले म्हणजेच निवाडा होतो.