हाडांचा ठिसूळपणा : आहार, व्यायाम आणि औषधयोजना

ओल्या अंगणात पाय घसरतो, तोल सावरण्यासाठी हात टेकला जातो आणि मनगटाचे हाड मोडते. साठीच्या आसपासच्या स्त्रियांच्या बाबतीत हा प्रसंग विरळा नाही. काही आठवड्यांनी प्लॅस्टर निघते, हात पूर्ववत चालू लागतो आणि दुखणे संपले, असे घरात सर्वांना वाटते. वस्तुतः हाड सांधले गेले, तरी एवढ्या किरकोळ आघाताने ते का मोडले, हा प्रश्न शिल्लकच राहतो. पुष्कळदा त्याचे उत्तर अस्थिसुषिरता, अर्थात ऑस्टिओपोरोसिस, हे असते. ही पूर्वसूचना दुर्लक्षिली गेल्यास पुढे मणका वा खुबा मोडण्याचा संभव वाढतो. आणि खुबा मोडलेल्या अनेक वृद्धांना पूर्वीचे स्वावलंबी जीवन पुन्हा लाभत नाही.

हाड ही जिवंत वस्तू आहे. जुना अंश काढून नवा भरण्याचे कार्य तीत आयुष्यभर चालते. तिशीच्या सुमारास हाडांचा साठा सर्वाधिक असतो. पुढे जमेपेक्षा खर्च वाढतो. रजोनिवृत्तीनंतर पहिल्या काही वर्षांत ही झीज विशेष वेगाने होते. पुरुषही या विकारातून मुक्त नाहीत. स्टिरॉइडचे दीर्घकाळ सेवन, धूम्रपान व अतिमद्यपान यांमुळे धोका वाढतो. उंची घटणे व पाठीला बाक येणे ही विकाराची उशिरा दिसणारी चिन्हे होत. त्याचे निदान डेक्सा तपासणीने होते. तीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून कमी आल्यास अस्थिसुषिरता मानली जाते.

आहार : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना दररोज १,००० मिलिग्रॅम, तर रजोनिवृत्त स्त्रियांना १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आवश्यक आहे. १०० ग्रॅम नाचणीतून सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. दूध, दही, तीळ, शेवग्याचा पाला आणि काट्यांसकट खाल्ली जाणारी लहान मासळी हीदेखील उत्तम साधने होत. पालकातील कॅल्शियम मात्र शरीरात फारसे शोषले जात नाही. डाळी, कडधान्ये, अंडी यांतील प्रथिनेही तितकीच आवश्यक आहेत. कॅल्शियम अंगी लागण्यासाठी ड जीवनसत्त्व हवे. ते सूर्यप्रकाशाने त्वचेत तयार होते. तथापि घरातच वावरणाऱ्यांमध्ये त्याची उणीव आढळते.

व्यायाम : ज्या व्यायामात हाडांवर शरीराचा भार पडतो, तो हितकर होय. भरभर चालणे, जिने चढणे व बेताची वजने उचलणे यांनी हाडे व स्नायू दोन्ही बळकट राहतात. मणका मोडलेल्या रुग्णांनी कंबरेतून पुढे वाकण्याची आसने टाळावीत. न्हाणीघरात धरावयास दांडी, रात्री पुरेसा उजेड व कोरडी फरशी यांनी पडण्याचे प्रसंग कमी होतात.

औषधे : हाडे ठिसूळ झाल्यावर केवळ कॅल्शियमच्या गोळ्या पुरेशा ठरत नाहीत. ॲलेंड्रोनेटची साप्ताहिक गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नये; अन्यथा अन्ननलिकेस इजा संभवते. गोळी न सोसणाऱ्यांस झोलेड्रोनिक आम्ल वर्षातून एकदा शिरेतून देता येते. मूत्रपिंडाचे कार्य मंदावले असल्यास मात्र या दोन्ही औषधांबाबत डॉक्टरांचा निर्णय महत्त्वाचा ठरतो. डेनोसुमॅबचे इंजेक्शन दर सहा महिन्यांनी घ्यावे लागते. ते मध्येच सोडल्यास झीज झपाट्याने परतते व मणके मोडू शकतात. म्हणून ते थांबविताना दुसरे औषध सुरू करणे आवश्यक असते. अतिशय ठिसूळ हाडांसाठी टेरिपॅराटाइड हे नवे हाड घडविणारे औषध आहे. जबड्याचे विकार किंवा मांडीच्या हाडाचा वेगळ्या प्रकारचा भंग असे दुष्परिणाम काही औषधांनी क्वचित होतात. यास्तव दातांचे उपचार आधी उरकून घ्यावेत, आणि काही वर्षांनी गोळ्यांना विराम द्यावयाचा की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

पन्नाशीनंतर साध्या पडण्याने हाड मोडल्यास प्लॅस्टर निघण्याच्या दिवशीच डॉक्टरांकडे हाडांच्या तपासणीची विचारणा करावी. त्या एका प्रश्नाने पुढचा अस्थिभंग टळू शकेल.