‘48 व्होल्ट’चा घोळ

बारामतीत पियाजिओच्या कारखान्यात विजेवर चालणारी ‘आपे’ रिक्षा तयार होते. त्यामुळे बारामती-इंदापूर पट्ट्याला लिथियम बॅटरी नवखी नाही. विजेच्या सायकलीला सुटा पॅक घेताना मात्र ‘48 व्होल्ट’ एवढा आकडा पाहूनच सौदा होतो.

या एकाच आकड्याखाली दोन रसायने विकली जातात. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या 13 सेलची माळ पूर्ण भरल्यावर 54.6 व्होल्टवर थांबायला हवी; लोह-फॉस्फेटच्या 16 सेलची 58.4 वर. दुसरीचा चार्जर पहिलीला लावला, तर प्रत्येक सेलवर 4.2 ऐवजी जवळजवळ 4.5 व्होल्ट येऊ शकतात. बीएमएस हे संरक्षक सर्किट अशा वेळी प्रवाह तोडते, पण स्वस्त पॅकमध्ये त्याच्यावर भिस्त ठेवू नये. एक सेल अनावर तापला की शेजारचेही पेटतात. विझलेली आग पुन्हा भडकू शकते.

माझा कौल लोह-फॉस्फेटला: जड खरे, पण उष्णता अधिक सोसते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे महत्त्वाचे. तरीही उन्हातून आलेला पॅक निवल्याशिवाय चार्जिंगला लावू नये. जिन्याखाली किंवा दाराच्या वाटेत तर कधीच नाही. फुगलेला पॅक मोकळ्या जागी ठेवावा, भंगारवाल्याला देऊ नये. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी तो गोळा करून विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे.